महाराष्ट्र दिन ४ मे ला ठेवलाय आणि शेजारच्या आजी बोलेनाशा झाल्यात

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही तीन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, ॲमस्टलवेनला राहतो. इथल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे, रजिस्टर्ड मंडळ वगैरे नाही, साठेक घरं आहेत आणि यंदा, २०२५ ला, सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आलंय. १ मे गुरुवारी येतोय, सगळ्यांची ऑफिसं चालू, म्हणून महाराष्ट्र दिन रविवारी ४ मे ला करायचं ठरलं. संध्याकाळी पाच ते साडेनऊ हॉल आणि पावणेआठला बाहेर मोकळ्या जागेत ढोल-ताशा नि लेझीम. ॲडव्हान्स भरून झाला, पोस्टर पण फिरलं. खालच्या मजल्यावर एक डच आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, आमचं छान जमतं. त्यांना मी हौसेने पोस्टर दाखवलं तर त्या तारखेकडे बघतच राहिल्या, "त्या दिवशी? रात्री आठ वाजता?" एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नंतर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडून कळलं की त्या दिवशी युद्धात गेलेल्यांसाठी शांतता पाळतात, तिच्या शाळेने एक स्मारक दत्तक घेतलंय म्हणून तिला माहीत. ग्रुपवर टाकलं तर भांडणच सुरू झालं. एक काका म्हणतात, आपल्या दिवाळीला इथे कोण सुट्टी देतं? कायद्याने बंदी आहे का? आणि त्या युद्धाशी आपला संबंध काय? दुसरे म्हणतात कार्यक्रमच कॅन्सल करा, कटकट नको. मला दोन्ही पटत नाहीये. आजी लिफ्टमध्ये भेटल्या तर नुसती मान हलवतात. काय करू?
— एक सेक्रेटरी, ॲमस्टलवेन

उत्तर:

अगं सेक्रेटरी, आधी जे पक्कं आहे ते सांगते, मग बाकीचं बोलू. कार्यक्रम कॅन्सल करू नकोस आणि ४ तारखेच्या संध्याकाळी पण करू नकोस. तो ५ मे ला ने. सोमवार आहे म्हणून लगेच नाही म्हणू नकोस, यंदा तो सोमवार वेगळा आहे, त्यावर पुढे येतेच.

तुम्ही तारीख ठरवताना काय केलं असेल ते मला डोळ्यासमोर दिसतंय, कारण बाहेरून आलेले आपण सगळे तेच करतो, गूगलवर सुट्ट्यांची यादी काढायची, लाँग वीकेंड बघायचा आणि रिकामा दिवस पकडायचा. ४ मे त्या यादीत नाहीच. तो सुट्टीचा दिवस नाही, ऑफिस असेल तर ऑफिस असतं, शाळा असेल तर शाळा असते, बँक उघडी असते. संध्याकाळी झेंडे अर्ध्यावर येतात आणि रात्री आठला दोन मिनिटं देश थांबतो, बस. त्यामुळे नवीन आलेल्या माणसाला हा दिवस दिसतच नाही, आणि इथल्या माणसाला मात्र वर्षातला दुसरा कुठलाही दिवस इतका मनाला लागत नाही. राजाचा वाढदिवस, ईस्टर, ख्रिसमस हे सगळे यादीतले दिवस, त्यांच्यात काही इकडेतिकडे झालं तर लोक हसून सोडून देतात. याला नाही सोडत. आणि तुमचा ढोल अगदी आठच्या ठोक्यालाच वाजणार होता, तर आजींनी दार लावून घेतलं यात मला नवल वाटत नाही. भांडल्या नाहीत, तक्रार केली नाही, फक्त आत गेल्या, म्हणजे त्यांना किती लागलं असेल बघ.

काकांनी विचारलंय ना की त्या युद्धाशी आपला काय संबंध, ते मी टाळणार नाही, पण आधी त्यांचा संबंध काय ते ऐक. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सला तटस्थ राहायचं होतं. १० मे १९४० ला जर्मन सैन्य घुसलं, १४ ला रॉटरडॅमचा मध्यभाग बॉम्ब टाकून भुईसपाट केला, १५ ला शरणागती. पुढची पाच वर्षं ताबा. तेव्हा या देशात साधारण १ लाख ४० हजार ज्यू राहायचे, त्यातले चारातले तीन मारले गेले. ॲमस्टरडॅमला २०२१ मध्ये नावांचं स्मारक झालंय, मारल्या गेलेल्या ज्यू, आणि रोमा-सिंती म्हणजे युरोपातल्या भटक्या जमातींतल्या लोकांच्या १ लाख २ हजारांहून जास्त विटा, प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मरतानाचं वय. मेट्रोने जाता येतं, जरूर जा, फार बोलायला लागत नाही तिथे. एकाच आडनावाच्या विटा ओळीने लागतात आणि वय वाचत जायचं, ४१, ३८, ९, ६, शेवटची दोन वाचली की पाय पुढे जात नाही.

आणि मग १९४४-४५ चा हिवाळा. दक्षिणेचा भाग सुटला होता, पण ॲमस्टरडॅम, द हेग, रॉटरडॅम हा सगळा पट्टा जर्मनांच्याच हातात, खाणंपिणं आणि कोळसा बंद, कडाक्याची थंडी. त्या एका हिवाळ्यात साधारण २० हजार माणसं भुकेने आणि थंडीने गेली. लोकांनी साखर काढायचं बीट खाल्लं, ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले. आपण ज्या ट्युलिपच्या मळ्यात सासूसासऱ्यांना नेऊन फोटो काढतो ना, त्याच फुलाचे कांदे. आता तुझ्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत म्हणतेस, हिशोब कर, त्या वेळी त्या अगदी लहान असणार. त्यांना स्वतःला काही आठवत असेल नसेल, पण घरात कोणीतरी कमी होतं, आई कोणत्या तरी कपाटातला डबा कधीच रिकामा ठेवायची नाही, असल्या गोष्टींत ती पिढी वाढलीये.

सुटका झाल्यावर सुद्धा सगळं लगेच गोड झालं नाही. ५ मे १९४५ ला वाखेनिंगेन गावातल्या एका हॉटेलात शरणागतीची बोलणी झाली, आणि दोन दिवसांनी, ७ मे ला, ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात लोक आनंदाने जमलेले असताना जर्मन सैनिकांनी एका इमारतीतून गर्दीवर गोळ्या झाडल्या, तीसहून जास्त माणसं गेली. युद्ध संपल्यावर. त्याच चौकात १९५६ पासून राष्ट्रीय स्मारक उभं आहे आणि ४ मे ला राजा-राणी तिथेच पुष्पचक्र ठेवतात. ट्रम्पेट वाजतो, दोन मिनिटं शांतता, मग राष्ट्रगीत. हे टीव्हीवर लाइव्ह असतं, पण खरं सांगू, ते टीव्हीवर बघून कळत नाही, रस्त्यात बघावं लागतं.

मी एका वर्षी त्या वेळेला ट्राम स्टॉपवर उभी होते. मे मध्ये इथे आठ वाजता चक्क ऊन असतं, नऊच्या पुढे सूर्य मावळतो, त्यामुळे अंधार, मेणबत्त्या असलं काही डोक्यात आणू नकोस, लख्ख उजेड होता. ट्राम आली, दारं उघडली आणि ती तशीच उभी राहिली, ड्रायव्हर बाई सीटवरून उठून उभ्या राहिल्या. सायकलवरचे लोक उतरले आणि सायकल हातात धरून थांबले. एका पोराने कानातले हेडफोन काढून गळ्यात अडकवले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज ज्या रस्त्यावर ट्रामची घंटा, स्कूटर आणि लोकांचं फोनवर बोलणं असतं तिथे पक्ष्यांचा आवाज येत होता आणि समोरच्या घरावरच्या झेंड्याची दोरी दांड्याला टकटक लागत होती तो आवाज. दोन मिनिटांनी बाई खाली बसल्या, घंटा दिली आणि ट्राम गेली. कुणी टाळ्या नाही वाजवल्या, काही नाही. इथली ट्रेनसुद्धा त्या वेळी शक्य असेल तिथे स्टेशनात थांबवतात. आता या दोन मिनिटांत पावणेआठला सुरू झालेला ढोल ऐन रंगात आलाय असं मनात आणून बघ, म्हणजे ग्रुपवर वेगळं काही समजवायला नको.

आता काका. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांचे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींना सरळ उत्तर द्यायला हवं, नाहीतर ते मनात ठेवून बसतील आणि पुढच्या गणपतीला बाहेर काढतील.

कायद्याने बंदी आहे का? शांतता पाळायची सक्ती कुणावर नाही, बरोबर आहे काकांचं. पण सक्ती नसताना अख्खा देश थांबतो, तेव्हा आपण वाजवणं किती जास्त दिसेल याचा त्यांनी विचार करावा. आपल्या चाळीत, वाड्यात कुणी गेलं असेल तर शेजारचा माणूस लग्नाची वाजंत्री दारासमोरून नेताना थांबवतो, तिथे कुठे कायदा असतो?

दिवाळीला सुट्टी देत नाहीत, हे दुखणं खरं आहे आणि मला त्यात काकांची बाजू अगदी पटते. भाऊबीजेला मीटिंगमध्ये बसलेला माणूस काय वाटून घेतो ते मला कळतं. पण हे दुखणं ऑफिसात न्यायचं, आजींच्या दारात नाही. इथल्या काही कंपन्यांत ईस्टरचा किंवा पेंटेकॉस्टचा, म्हणजे आणखी एका ख्रिस्ती सणाचा, सोमवार कामावर यायचं आणि त्याच्या बदल्यात आपल्या सणाची सुट्टी घ्यायची अशी सोय आहे. काकांना म्हणावं, तुमच्या एचआरला मेल टाका, दोन-चार भारतीय, तुर्की, मोरोक्कन सहकारी सोबत घ्या, ईदला त्यांची पण हीच अडचण असते. ग्रुपमधल्या साठ घरांतल्या किती कंपन्यांत ही सोय आधीच आहे याची एक यादी जरी केलीत ना, तरी कितीतरी लोकांचं काम होईल. बहुतेकांना आपल्याकडे हे चालतं हेच ठाऊक नसतं.

आणि युद्धाशी आपला संबंध. काकांना सांग, त्या युद्धात हिंदुस्थानी सैन्यात २५ लाख माणसं होती आणि त्यात आपली पोरं होती. माणगावला, रायगड जिल्ह्यात, यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, वय २२, इटलीत १० जुलै १९४४ ला आपल्या तुकडीतली जवळजवळ सगळी माणसं पडल्यावर एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. मृतदेह सुद्धा सापडला नाही, इटलीत कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय. पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव, त्याच रेजिमेंटचे, जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदीपलीकडे नेत होते, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते लढले इटलीत, नेदरलँड्समध्ये नाही, हे खरं, पण लढाई त्याच जर्मन सैन्याशी होती आणि नामदेव जाधव सेनियोवर होते तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये लोक अजून उपाशी होते, सुटका व्हायला महिना पण उरला नव्हता. हे आपल्या मुलांना शाळेत शिकवत नाहीत, ना इकडे ना तिकडे, तर महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं याला द्या असं मी म्हणेन. काकांनाच बोलायला उभं करा, त्यांचा आवाज मोठा असेल असं वाटतंय.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते. १ मे आपण कसा करतो आठव. सकाळी हुतात्मा चौकात फुलं वाहतात, आधी ते, मग झेंडा, परेड, भाषणं, आणि मग आपल्यासारख्यांचे कार्यक्रम आणि जेवणं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढच्या जानेवारीत पुन्हा झाला, १०६ हुतात्मे हा आकडा लहानपणापासून कानावर पडलाय आपल्या. म्हणजे महाराष्ट्र दिन हा मुळात गेलेल्यांना आधी आठवायचं आणि मग आनंद करायचा असा दिवस आहे. परदेशात आल्यावर कसं होतं माहितीये का, पहिला भाग गळून जातो आणि लावणी, वडापाव, फॅशन शो एवढंच उरतं, कारण तो भाग करायला चौक नसतो, कुणी मोठं माणूस सांगायला नसतं. डच लोकांनी तेच दोन दिवसांत विभागलंय, ४ तारखेला गेलेले, ५ ला सुटका. ४ च्या रात्री बारा वाजता वाखेनिंगेनला मुक्तीची ज्योत पेटवतात आणि धावणारे गट रातोरात ती देशभर घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी १४ ठिकाणी फुकट म्युझिक फेस्टिवल, लोक गवतावर पसरलेले, पोरं खांद्यावर. आदल्या रात्रीचा तोच देश. तर तुमचा ढोल त्यांना नकोय असं नाहीये गं, तो एक दिवस लवकर आलाय.

म्हणून ५ मे. यंदा सुटकेला ८० वर्षं होतायत. ५ मे हा १९९० पासून दरवर्षीचा राष्ट्रीय दिवस आहे पण पगारी सुट्टी कंपनीच्या करारावर असते, पुष्कळ ठिकाणी ती फक्त दर पाच वर्षांनी मिळते, आणि २०२५ हे पाचाचं वर्ष आहे. शाळांची मे ची सुट्टी पण त्याच सुमाराला चालू. म्हणजे तुमच्या साठ घरांतल्या बऱ्याच जणांना सोमवारी वेळ असेल, तरी आजच एक पोल टाक आणि ज्यांना सुट्टी नाही त्यांचे परफॉर्मन्स पाचच्या पुढे ठेव. ५ ला हॉल मिळालाच नाही तर शनिवार ३ मे, पण माझं मन ५ वर आहे.

हॉलवाल्यांना फोन कर, मेल नको, फोन. सरळ सांग की आम्ही नवीन आहोत, ४ मे चं लक्षात आलं नाही, तारीख बदलून हवी आहे. कारण ऐकून ते बहुतेक मदत करतील. पैसे काही कापलेच तर घरटी वाटून घ्या, साठ घरांत काही जड जाणार नाही आणि तू एकटीने भरू नकोस, सेक्रेटरी झालीस म्हणून पाकीट तुझं नाही.

ग्रुपवर लांबलचक वाद घालत बसू नकोस, कमिटीतल्या दोघा-तिघांशी फोनवर बोल आणि मग एकच मेसेज टाक. साधारण असा:

"नमस्कार मंडळी. ४ मे हा इथला युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि रात्री ८ ला सगळा देश दोन मिनिटं शांत उभा असतो. आपला ढोल नेमका त्याच वेळी होता, ठरवताना आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. कार्यक्रम कॅन्सल नाही. तो सोमवारी ५ मे ला, इथल्या मुक्तिदिनाला करतोय. सुरुवात हुतात्म्यांना अभिवादनाने. शेजाऱ्यांनाही जेवायला बोलावतोय, प्रत्येक घराने निदान एका शेजाऱ्याला विचारावं. सुट्टी नसलेल्यांनी पोलमध्ये कळवा."

बघ, यात कुणाची चूक काढलेली नाही आणि काकांना हरल्यासारखं पण वाटणार नाही.

कमिटी ऐकलीच नाही, असं मला वाटत नाही, पण समजा, तर निदान कार्यक्रम दुपारी एकला सुरू करून सहाच्या आत संपवा, बाहेर ढोल अजिबात नाही. तेही मानलं नाही तर तू माइक हातात घेऊ नकोस, शांतपणे सांग की त्या दिवशी मी नाही. पद एक वर्षाचं आहे, त्या बिल्डिंगमध्ये तुला पुढे राहायचंय.

आता आजी. मला वाटतं तुला सगळ्यात जास्त त्याचंच लागून राहिलंय. इथे न सांगता दार वाजवून आत जायची पद्धत नाही हे तुला ठाऊक असेलच, त्यातून त्यांनी एकदा दार लावलंय, तर पत्रपेटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी टाक, दोन-तीन ओळी, की तारीख बदलतोय, सांगितल्याबद्दल आभार, आणि एखाद्या सकाळी कॉफीला येऊ का. साडेदहाची कॉफी म्हणजे साडेदहाचीच हं. जाताना थोडीशी फुलं पुरे, ताटभर फराळ घेऊन जाऊ नकोस, त्यांना संकोच होतो. माफी मागायची तर एका वाक्यात माग, रडू नकोस, पाया पडू नकोस. आणि एक नक्की पाळ, युद्धात तुमच्या घरात काय झालं असं आपणहून विचारू नकोस. या देशात प्रत्येक घराची गोष्ट वेगळी आहे, कुणाकडे माणसं लपवलेली होती, कुणाची माणसं गेली, कुणाचे आजोबा जर्मनांच्या बाजूला होते आणि ते घरात आजही बोलत नाहीत, कुणी तेव्हा डचांची वसाहत असलेल्या इंडोनेशियातल्या जपानी छावणीतून आलेलं. त्यांना सांगायचं असेल तर सांगतील, त्या वेळी तू फक्त ऐक, मध्ये आपली फाळणी, आपलं बेचाळीस असं जोडायला जाऊ नकोस. बोलल्या नाहीत तर फुलांवर बोला, हवेवर बोला, हवेवर तर इथे तासभर बोलता येतं. आणि निघताना ५ तारखेला जेवायला बोलाव. नाही म्हणाल्या तरी वाईट वाटून घेऊ नकोस, बोलावलंस हे त्यांच्या लक्षात राहील.

४ तारखेला संध्याकाळी तू मुलीला घेऊन तिच्या शाळेने दत्तक घेतलेल्या स्मारकापाशी जा. तिला आधी विचार की शाळेची मुलं त्या दिवशी काही करणार आहेत का, बऱ्याच ठिकाणी मुलं फुलं ठेवतात किंवा कविता वाचतात. साडेसातच्या सुमाराला पोच, फोन सायलेंट नाही, बंदच कर. कपडे रोजचेच, काळे हवेत असं नाही. फोटो काढू नका, टाळ्या वाजवायच्या नाहीत. फुलं न्यायची तर नेता येतात, पण आधी पुष्पचक्रं ठेवून होऊ देत, मग रांगेत. तुला डच येत नसेल तर राष्ट्रगीताला नुसती उभी राहा, मुलीला येत असणार, तिला म्हणू दे. नऊ वर्षांच्या मुलीला किती सांगायचं ही काळजी करू नकोस, शाळेने तिच्या वयाला झेपेल तेवढं सांगितलंच आहे, तिलाच तुला समजावून सांगायला सांग. आणि काकांना घेऊन जाता आलं तर बघ, नुसतं सोबत चला म्हण, वाद न घालता.

द हेगच्या जवळ कुणी राहत असेल तर वाल्सडॉर्परव्लाक्ते नावाची जागा आहे, वाळूच्या टेकड्यांत, तिथे जर्मनांनी अडीचशेहून जास्त लोकांना गोळ्या घातल्या. त्या संध्याकाळी तिथे मोठी घंटा वाजत राहते आणि लोक रांगेने चालत समोरून जातात, शेवटचा माणूस जाईपर्यंत घंटा थांबत नाही. भाषण एकही नाही. लहान मुलांना उभं राहायला फार वेळ होतो, मोठ्यांनी जावं.

जाता जाता, पुढच्या कॅलेंडरसाठी. यादीत नसलेले आणखी दिवस आहेत, नोंद करून ठेव म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही. १ जुलै, सुरिनाम (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) आणि डच कॅरिबियनमधली गुलामगिरी १८६३ मध्ये संपली तो दिवस. ५ जून, १८७३ मध्ये त्याच सुरिनामला पहिलं जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन लागलं तो दिवस, त्यांची पणतवंडं आज द हेगमध्ये आहेत, होळी आपल्यापेक्षा जोरात करतात, त्यांच्याशी ओळख काढाच. आणि १५ ऑगस्ट. आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी द हेगला १९४५ च्या जपानी शरणागतीची आठवण पाळतात, छावण्यांत गेलेल्यांसाठी. झेंडावंदनाला काहीच अडचण नाही, फक्त शेजारी त्या घरातले असतील तर आपल्याला ठाऊक असावं. ढोलाची हौस लवकरच फेडायची असेल तर राजाचा वाढदिवस आहे, यंदा २७ ला रविवार म्हणून २६ एप्रिलला. त्या दिवशी सगळा देश केशरी असतो, तुमचे केशरी फेटे घालून उतरा रस्त्यावर, नगरपालिकेची परवानगी तेवढी आधी विचारून घ्या.

५ तारखेचं जेवण राहिलं. त्या दिवशी इथे ठिकठिकाणी मुक्तीचं जेवण म्हणून लांब टेबलं लावतात, अनोळखी लोक शेजारीशेजारी बसतात, दरवर्षी एक खास सूपही ठरलेलं असतं. तुमचं जेवण तेच होऊ दे. डच माणूस सहाला जेवतो, आपल्यासारखं साडेनऊला पान वाढलंत तर शेजारी घरून जेवून येतील किंवा उपाशी परत जातील, म्हणून लेझीम चारला, ढोल पाचला, पानं बरोब्बर सहाला. पिठलं-भाकरी ठेवा, बटाट्याची भाजी, वरण-भात, सोलकढी, गोडाला शिरा. मसाला निम्मा करा आणि ठेचा वेगळ्या वाटीत. प्रत्येक भांड्यापुढे डचमध्ये चिठ्ठी हवी, दाणे आहेत का, दूध-तूप आहे का, तिखट आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी इथे काहींना असते आणि आपण दाण्याचं कूट सगळीकडे घालतो. ती चिठ्ठ्यांची कामगिरी मुलांना द्या, त्यांचं डच तुमच्यापेक्षा चांगलं आहे.